परवान्यावर पाणी

"खाली टाक," पेशकार म्हणाला.

मी अंबडच्या तहसील कचेरीत उंबऱ्याबाहेर उभा. हातात विमान चालवायचा परवाना. नैरोबीचा. तिथं मी विमानं पुसायच्या कामाला लागलो होतो, मग एका गोऱ्या मालकानं उडवायला शिकवलं. परवान्याची मुदत संपत आली होती. हैदराबादेत तो बदलून मिळणार होता, पण आधी त्यावर मी इथलाच रहिवासी असल्याचा इथल्या कारकुनाचा, पेशकाराचा, शिक्का हवा होता. मिळाला तर नोकरी. नाहीतर महारवाडा आणि पाटलाची वेठ.

मी परवाना फरशीवर ठेवला. ढगांतून विमान खाली आणताना मला कधी भीती वाटली नव्हती. इथं वाटली. लाज वाटते सांगायला.

शिपायानं तांब्या आणला. आमच्या हातचा कागद सरकारी टेबलावर जायचा तर आधी त्यावर पाणी. रिवाजच तो. त्यानं ओंजळभर शिंपडलं. शाई पसरली. माझं नाव गेलं, नंबर गेला, सहीचा नुसता निळा डाग उरला.

पेशकारानं कागद दोन बोटांत धरला. "हे तर वाचता येत न्हाई. शिक्का कशावर मारू?"

"साहेब, आत्ता बराबर होतं. तुमच्या पाण्यानं गेलं."

"माझ्या?" तो उठला. "नवा मागव. पावसात भिजला म्हणून अर्ज लिही, त्या अर्जावर जल्दी शिक्का मारतो. दुसरं बिलकुल लिहायचं न्हाई. तुझा बाप गावातच राह्यतो ना?"

बा माझ्यामागंच उभा होता. कुजबुजला, "लिही, बाळा. तू उडून जाशील. मला हितंच राह्याचंय."

त्याचं खरं होतं. आमच्या छपराला काडी लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

मी अर्ज लिहिला. 'कचेरीत पाणी शिंपडल्यामुळे परवाना खराब झाला.' उंबरा ओलांडला आणि तो टेबलावर ठेवला.

"बाहेर हो!" पेशकार ओरडला. बा भिंत धरून खाली बसला. मी तिथंच उभा राहिलो.

भीती गेली नाही. अजूनही गेलेली नाही. पण बाला सोबत घेऊन गाव सोडीन, विमानाला पुन्हा हात लागला नाही तरी चालेल. पाऊस पडला, असं मी लिहिणार नाही.