एक्लिप्सचा अर्थ

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असणार आणि अक्षर तर मुंग्यांच्या रांगेसारखे आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. आता काजूच्या फॅक्टरीत बिया सोलते. बियांच्या टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी गेली आहे, पेन नीट धरवत नाही.

माझे यजमान डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर "बेळगावला जुनी गाडी घेतो" म्हणून त्यांनी माझ्या दादाकडून चाळीस हजार घेतले आणि गेले. दोन महिन्यांनी फोन बंद झाला.

सासूबाई म्हणाल्या, "त्याका गिराण लागलां. दान दिलां की सुटतलो."

गिराण म्हणजे ग्रहण. त्यात चंद्राला राहू धरतो, दान दिले की सोडतो, हे लहानपणापासून ऐकलेले. दर ग्रहणाला आम्ही दोघी तांदूळ, काळे उडीद, नारळ आणि वर पैसे द्यायचो. दोनदा भटजींकडून ग्रहशांतही केली. दादाला परत द्यायला साठवलेले पैसे त्यातच गेले.

पेडण्याला माहेरी गेले की वहिनी चहा देताना विचारायची, "तुज्या घोवाक राहून धरलो मगे? मग आमचे पैसे राहूकडे मागूं?" दादा खाली बघायचा. मी हसल्यासारखे करायची. शेवटी चतुर्थीलाही जायचे सोडले.

गेल्या वर्षी ग्रहणाआधी मी दानाचे तांदूळ निवडत होते. मुलगी दहावीला. ती म्हणाली, "आई, ग्रहणाला इंग्रजीत एक्लिप्स म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. टीचरनी सांगितलं, त्याचा अर्थ सोडून जाणं. जिथे दिसायला हवं तिथे न दिसणं."

"म्हणजे चंद्राला कोणी धरत नाही?"

"त्या शब्दात तरी नाही." मग हळूच म्हणाली, "बाबांना पण कोणी धरलेलं नाही, आई."

मी तिला गप्प बस म्हटले नाही. त्यांना कोणीतरी अडवून ठेवले आहे, एवढ्यावर मी इतकी वर्षे काढली होती. नाहीतर ते आपल्या पायांनी गेले, या मुलीला टाकून गेले, असे म्हणावे लागले असते. मी तांदूळ परत डब्यात ओतले.

सासूबाईंनी ते पाहिले. म्हणाल्या, "त्याका मराक सोडलंस तू." मी डबा झाकून फळीवर ठेवला.

दान थांबवले, फॅक्टरीत जादा पाळी धरली. दर महिन्याला पेडण्याला पैसे पोचवत गेले. या मे महिन्यात शेवटचे दोन हजार वहिनीच्या हातात दिले. तिने दोनदा मोजले आणि म्हणाली, "जाले. चाळीस हजार पुरे."