पहिल्या शिट्टीला काहीच आलं नाही

"घाबरला रेफरी. म्हणून शिट्टी लवकर मारली."

कॅन्टीनमध्ये माझ्या मागच्या टेबलावर प्रशांत बोलत होता. तो आमच्या असेंब्ली लाइनचा सुपरवायझर, मूळचा लातूरचा. फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता आणि आदल्या सामन्यातल्या एका गोलवरून सकाळपासून वाद पेटला होता. रेफरीने फाउलची शिट्टी वाजवली आणि लगेच चेंडू जाळ्यात गेला. रिप्लेमध्ये फाउल दिसलाच नाही. पण शिट्टी आधी वाजली होती, त्यामुळे गोल धरला नाही.

"नियमच आहे तो," स्टोअर्समधला अख्तर म्हणाला. "शिट्टी वाजली की खेळ बंद. मग व्हिडिओत काही का दिसेना."

"तेच म्हणतोय भावा. आता एवढे कॅमेरे आहेत. आधी होऊ द्यायचं, मग बघायचं. दोन सेकंद थांबला असता तर काय बिघडलं असतं त्याचं?"

"तू स्वतः कधी थांबतोस का? सायरन वाजायच्या आधी गेटवर असतोस."

सगळे हसले. त्याच टेबलावर बसलेला विलास मुंगसे हसला नाही. विलास डिस्पॅचला आहे, चाकणच्या पलीकडच्या गावचा. त्याने ताट उचललं आणि अर्धं जेवण टाकून निघून गेला.

"ह्याला काय झालं?" प्रशांतने विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. विलासचा थोरला भाऊ नाईक संतोष मुंगसे फौजेत माझ्या ट्रूपमध्ये, म्हणजे तुकडीत होता. त्याच्याबद्दल गावात नेमकं हेच बोललं जात होतं.

विलास मला बेसिनपाशी भेटला. हात धुऊन झाले तरी नळ बंद केला नव्हता.

"मॅडम, रविवारी ग्रामसभा आहे. वेशीवरच्या कमानीला दादाचं नाव द्यायचं का नाही, ते ठरणार. काही जण म्हणतात, घाबरून ज्यानं काम बंद पाडलं त्याचं नाव कशाला. आई आता देवळातसुद्धा जात नाही." त्याने नळ बंद केला. "तुम्ही तिथं होता. याल का?"

मी येते म्हणाले. नंतर जागेवर येऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की चार माणसांसमोर उभं राहून बोलणं मला आजही जमत नाही.

फौजेत मी सिग्नल्समध्ये, म्हणजे फोन-रेडिओच्या कामात होते, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर. कॅप्टन म्हणून बाहेर पडले. मी आकुर्डीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि वर्गात हात वर करायची मला भीती वाटायची. रेडिओवर ती भीती वाटत नसे. तिथे कमी बोलावं लागतं आणि जास्त बोललं तर रागावतात.

शेवटचं पोस्टिंग उत्तर सिक्कीममध्ये होतं. आमच्या डिटॅचमेंटचं काम पुढच्या पोस्टपर्यंतची टेलिफोन केबल चालू ठेवणं. बर्फ सरकला की केबल तुटायची. लाइन पार्टी जायची, तुटलेली टोकं शोधायची, जोडायची, परत यायची. बहुतेक दिवस असेच गेले.

संतोष कबड्डीचा खेळाडू. फुटबॉलमधलं त्याला काही कळत नसे. पण लाइन पार्टीचा हवालदार थॉमस केरळचा आणि लान्स नाईक इबोमचा मणिपूरचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धा लागली की रेक्रिएशन रूममध्ये दोघांचं जुंपायचं. ऑफसाइड होतं की नव्हतं, हे ते मिठाच्या डब्या आणि चहाचे मग मांडून एकमेकांना दाखवायचे. संतोष चहा पीत ऐकायचा.

"रेफरी चोर है," थॉमस एकदा हिंदीत म्हणाला.

"उसके पास एक ही टाइम होता है, साब," संतोष म्हणाला. "आप के पास दस रिप्ले है."

मग माझ्याकडे वळून मराठीत, "मॅडम, आमच्या कबड्डीत बरं असतं. पंच चुकला तर तोंडावर सांगता येतं. ह्या रेफरीला कोण सांगणार, टीव्हीला?"

तिथे माझ्याशी मराठी बोलणारा तो एकटाच होता. माझी मराठी पुस्तकातली आहे असं त्याचं मत होतं. तो ते आदराने, पण वारंवार सांगायचा.

मार्चमध्ये केबल तुटली. दोन दिवस हवामान खराब होतं, वायरलेसवर पुढची पोस्ट नीट ऐकू येत नव्हती. वरून विचारणा होत होती. तिसऱ्या दिवशी आकाश उघडलं आणि लाइन पार्टी सकाळीच निघाली. थॉमस, इबोमचा, रावत, सुब्बा आणि संतोष. मी एक्स्चेंजमध्ये रेडिओवर होते.

केबल एका उताराखाली तुटली होती. अशा ठिकाणी चौघे काम करतात आणि पाचवा बाजूला, उंचवट्यावर उभा राहतो. त्याच्या हातात अवजार नसतं, गळ्यात शिट्टी असते. त्याने खाली बघायचं नाही. फक्त वरचा बर्फ बघायचा आणि ऐकायचा. शिट्टी वाजली की चौघांनी हातातलं टाकून ठरलेल्या कड्याआड पळायचं. हा पाचवा, म्हणजे लुकआउट, सगळ्यांत शेवटी जागा सोडतो. त्या दिवशी लुकआउट संतोष होता.

दहाच्या सुमारास थॉमसचा आवाज आला.

"व्हिसल झाली, मॅडम. पार्टी बाहेर आली. सगळे ओके. ओव्हर."

"काय आलं? ओव्हर."

"काही नाही आलं. स्लोप शांत आहे. दहा मिनिटांचं काम बाकी आहे. परमिशन टु रिझ्यूम. ओव्हर."

मी लुकआउटला सेटवर बोलवायला सांगितलं. सुब्बा सेट घेऊन त्याच्यापर्यंत चढून गेला. जागेवरच उभ्या असलेल्या संतोषला धाप लागली होती.

"काय दिसलं?"

"दिसलं काही नाही, मॅडम. आवाज आला. खालून, पोटातनं आल्यासारखा. ठप्प असा."

"खात्री आहे?"

मागे वाऱ्याचा आवाज येत होता.

"खात्री नाही, मॅडम."

वरच्या थरांखालचा बर्फ खचतो तेव्हा असा आवाज येतो, हे आम्हाला शिकवलं होतं. कधी त्यानंतर सगळा उतार सुटतो, कधी काहीच होत नाही. मी थॉमसला सांगितलं, "व्हिसल कायम. कोणी आत जायचं नाही. वेट. आउट."

सुब्बा खाली आला. चौघे कड्याजवळ बसले. इबोमचाने संतोषकडे हात करून रेफरी पिवळं कार्ड दाखवतो तसं केलं, असं मला नंतर थॉमसने सांगितलं. संतोष उंचवट्यावरून हसला आणि पुन्हा वर बघू लागला.

दुसरी शिट्टी अर्ध्या तासाने वाजली. या वेळी कोणी काही विचारलं नाही. चौघे कड्याआड पळाले. उतार अख्खा सुटला होता, नेहमीपेक्षा रुंद. तो कड्याला घासून गेला आणि उंचवट्यावरून गेला.

रेडिओवर थॉमस एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "लुकआउट दिसत नाही. लुकआउट दिसत नाही." मी रेस्क्यू पार्टी पाठवली. तो दुपारी सापडला. इबोमचाने हातमोजे काढून उकरलं होतं. त्याची बोटं पुढे कित्येक दिवस बँडेजमध्ये होती.

संतोषचं पार्थिव घरी पोहोचवायला युनिटमधून जे आले, त्यांतला कोणीतरी गावात चहा पिताना म्हणाला की पहिली शिट्टी वाजली नसती तर काम दहा मिनिटांत संपलं असतं आणि पाचही जण परत आले असते. त्याच्या मनात वाईट काही नसावं. माणसं गेलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा चालवून बघतात. गावाने मात्र त्यातलं एवढंच धरलं, की शिट्टी फुकट मारली.

ते दहा मिनिटांत परत आले असते का? मला माहीत नाही. कदाचित चौघे आत असताना, त्यांच्या पावलांनीच उतार तेव्हा सुटला असता. कदाचित नसता. चौकशीत मी हेच सांगितलं. इथे रिप्ले नाही. मी फौजेतून बाहेर पडल्यावर या नोकरीची जागा आहे हे विलासनेच कळवलं होतं. इतक्या दिवसांत त्याने मला तो प्रश्न एकदाही विचारला नाही.

रविवारी ग्रामसभा देवळासमोरच्या मंडपात होती. पुढे पुरुष, कडेला बायका. संतोषची आई विलासच्या मागे बसली होती, पदर कपाळापर्यंत. मला खुर्ची दिली. मी घडलं तसं सांगितलं. शब्द अडत होते, दोनदा हिंदी आलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

मग माजी सरपंच उठले. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. आवाजात राग नव्हता.

"पोरी, वाईट वाटून घेऊ नगंस. गावाचं नाव हाय, म्हणून इचारतो. पयल्या शिट्टीला काय आलं?"

"काही नाही."

"आन् त्यानं डोळ्यानं काय बघितलं व्हतं का?"

"नाही."

"मंग वाईच थांबायचं व्हतं. खात्री करायची आन् मंग वाजवायची."

मागून कोणीतरी व्हय म्हणालं. आण्णांनी मान खाली घातली, मग माझ्याकडे बघितलं.

"आमचं म्हननं येवढंच हाय. त्यो घाबारला व्हता का न्हाई, ते सांग."

विलास जमिनीकडे बघत होता. त्याच्या आईने पदर मागे सारला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. मंडपातल्या निम्म्या लोकांना तेच ऐकायचं होतं.

मी उठून उभी राहिले.

"हो, घाबरला होता. आम्ही त्याला तिथे त्याच कामासाठी उभं केलं होतं. खात्री होईपर्यंत थांबणारा लुकआउट चार माणसं मारतो. त्याने दोनदा शिट्टी वाजवली आणि ती चारही माणसं आज घरी आहेत. कमानीवर नाव पूर्ण लिहा. नाईक संतोष तुकाराम मुंगसे."