पाच तारे आणि सबनीस काकांचा स्वेटर

विजेच्या त्या प्लॅनला पाच तारे मीच दिले होते. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे दिसलं ते पाहून मला हसू आलं होतं आणि तो हक्क मला नव्हता.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती. टेक्सासमधल्या आमच्या शुगर लँडमध्ये त्या दिवसांत हवा छान असते, पंखाही लागत नाही. सबनीस काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात स्वेटर होता, कानांना मफलर होता आणि घरातला एसी जोरात चालू होता. थर्मोस्टॅटवर फॅरनहाइटमध्ये पासष्ट, म्हणजे आपल्याकडचे अठरा.

"ये मिलिंद," काका म्हणाले. "दार उघडंच राहू दे. थंडी जरा बाहेर जाऊ दे."

घरातले सगळे दिवे लागले होते. गराजचे, बाथरूमचे, कपड्यांच्या कपाटातलेसुद्धा. ड्रायर गरगरत होता. आत कोरडेच टॉवेल होते. ओव्हन रिकामा तापत होता आणि त्याच्याकडे पाठ करून काकू भाजी चिरत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काका मूळचे नागपूरचे, केमिकल इंजिनिअर, आता रिटायर्ड. जन्मभर त्यांनी लोकांच्या मागे फिरून दिवे बंद केले. आमच्याकडे जेवायला आले तरी हात धुऊन येताना आमच्या बाथरूमचा दिवा बंद करायचे. एकदा तर आत माझी बायको असताना. अशा माणसाच्या घराची मी ही दशा केली होती.

कशी, ते सांगतो. टेक्सासच्या बऱ्याच भागात वीज कोणाकडून घ्यायची हे आपण ठरवतो, मोबाइलचा प्लॅन निवडतो तसं. खांब तेच, तारा त्याच, फक्त बिल पाठवणारी कंपनी वेगळी. प्लॅन इतके, की माणूस गोंधळतो. मग तो आमच्या वेबसाइटवर येतो. आम्ही सगळे प्लॅन शेजारी शेजारी मांडतो आणि त्यांना तारे देतो. ताऱ्यांचा हिशोब माझ्याकडे आहे.

प्रत्येक कंपनीला काही ठरावीक वापरांवर सरासरी दर छापावा लागतो. त्यातला एक आकडा महिन्याला हजार युनिटचा. मी त्याच आकड्यावर तुलना करायचो. सोपं होतं. पण काही कंपन्या प्लॅनच असा बांधतात की हजारावर तो झकास दिसावा. मूळ दर चढा ठेवायचा, आणि ग्राहकाने हजार युनिट गाठले की बिलातून एक घसघशीत रक्कम वजा करायची. याला बिल क्रेडिट म्हणतात. हजार गाठले तर स्वस्त. थोडे कमी पडले तर क्रेडिट नाही, आणि कमी वीज वापरूनही बिल जास्त.

काकांचा प्लॅन असाच होता. उन्हाळ्यात एसीमुळे हजार सहज होतात. हवा निवळली की काकांसारख्या माणसाचे कसे होणार?

ऑक्टोबरचं बिल आल्यावर काकांचा फोन आला होता. वापर कमी झाला, बिल वाढलं, असं कसं? मला त्याच क्षणी कळलं. तिथेच 'काका, चुकलो' म्हणायला हवं होतं. मी काय म्हणालो? "काका, महिन्याच्या शेवटी थोडी वीज वाया घालवा." आणि हसलो. काका हसले नाहीत. इंजिनिअर माणूस, त्यांनी ते सूचना म्हणून घेतलं. फोनवर मीटरचं अ‍ॅप टाकलं आणि घराला कामाला लावलं.

त्या संध्याकाळी काका अ‍ॅप बघायला आत गेले तेव्हा काकू पहिल्यांदा बोलल्या.

"आमच्या गौरीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. तिच्याकडे, वेस्ट विंडसरला. दोघांनी जायचं ठरलं होतं. आता हे म्हणतात, तू एकटी जा. घर बंद राहिलं तर युनिट कसे होणार? पहिलं नातवंड आहे, मिलिंद. आणि हे इथे कोरडे टॉवेल वाळवत बसणार."

मी म्हणालो, मी काकांना समजावतो.

"मी समजावून थकले. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, एकच दर असलेला साधा प्लॅन घ्या. तर म्हणाले, मिलिंदने पाच तारे दिलेत."

घरी येताना कारमध्ये मी एसी बंद केला. त्याने काही भरून निघणार नव्हतं, पण केला.

दुसऱ्या दिवशी मी आमची बॉस लिंडा हिच्याकडे गेलो. ताऱ्यांची पद्धत बदलू या, म्हणालो. एका आकड्यावर नको, वर्षातल्या बारा महिन्यांच्या खऱ्या वापरावर दर काढू. मी तसं करून पाहिलंही होतं. पाच ताऱ्यांचा तो प्लॅन दोनवर आला होता. लिंडाला ते आवडलं नाही, कारण साइटवर तोच सगळ्यात जास्त खपायचा.

"आपण प्लॅनला तारे देतो," ती म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या सवयींना नाही. हजार युनिटसाठी कोण एवढा आटापिटा करतं?"

मी तिला स्वेटर सांगितला. मफलर सांगितला. ड्रायर सांगितला. ती हसली, मग हसता हसता थांबली.

"माझ्या घरी स्विमिंग पूलचा पंप आहे," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"महिन्याच्या शेवटी मी तो दिवसरात्र चालवते. माझाही तोच प्लॅन आहे. तारे बघून घेतला."

पद्धत बदलली. आता साइट आधी विचारते की तुमचा कोणत्या महिन्यात वापर किती, आणि मगच तारे दाखवते. माहीत नसेल तर सांगते, जुनी बिलं शोधा. लोकांना याचा कंटाळा येतो. येऊ दे. एवढ्या वर्षांत मी एवढंच शिकलो, की सरासरी घरासाठी केलेला हिशोब कोणाच्याच घराला लागू पडत नाही.

लिंडाशी बोललो त्याच संध्याकाळी पुन्हा सबनीसांकडे गेलो. ड्रायर चालूच होता. काकांना समोर बसवून 'चुकलो' म्हणालो आणि त्यांच्याच मीटरवरून सगळं दाखवलं. मुदतीआधी प्लॅन सोडल्याचा दंड भरूनही साधा प्लॅन त्यांना स्वस्त पडत होता. काकांनी आकडे स्वतः पुन्हा मांडून पाहिले.

"म्हणजे हे सगळं बंद केलं तर चालेल?" त्यांनी विचारलं. आवाजात आशा होती.

"बंदच करा. आणि दोघांची तिकिटं काढा."

काका उठले. आधी ओव्हन, मग ड्रायर, मग एसी. घर एकदम शांत झालं. मग ते खोलीखोलीतून फिरू लागले आणि खटाखट बटणांचे आवाज येऊ लागले. इतका सुखी माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

काकू समोर हाताची घडी घालून उभ्या होत्या. "त्यांना सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मला?"

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात काका परत आले आणि सवयीने आमच्या डोक्यावरचा दिवाही बंद करून पुढे गेले. अंधारात काकूंचा चेहरा दिसत नव्हता. बरंच झालं.

"काकू," मी म्हणालो, "पहिल्या दिवशी तुमचंच बरोबर होतं. तारे देताना मी चुकलो, आणि कळल्यावरही हसण्यावारी नेलं, ती त्याहून मोठी चूक. मला माफ करा."