कुटलेली गोळी

माझी मावशी चिडली की गप्प होते आणि तिचं शिलाई मशीन जोरात चालायला लागतं. गेल्या वर्षी तिने दोन शाळांचे गणवेश ठरल्या तारखेच्या आधीच शिवून दिले. गिऱ्हाईकं खूश झाली. एवढं लवकर कसं झालं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

मामा तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. एकोणिसाव्या वर्षी त्याचं मन पहिल्यांदा बिघडलं. आठ-आठ दिवस झोपायचा नाही, वाटेल ते बोलत सुटायचा, मग महिनाभर अंथरुणातून उठायचा नाही. पुढची सोळा वर्षं त्याला मावशीने सांभाळलं. रोज सकाळी एक पांढरी गोळी आणि वर टोमणा, "गिळा महाराज, मुहूर्त काढायचाय का?" त्या गोळीवर तो छापखान्यात पुस्तकं बांधत होता, वेळेवर जात होता, वेळेवर येत होता.

मग मावशीचं ऑपरेशन झालं. ती तीन आठवडे घरी नव्हती आणि तेवढ्यात गोळी सुटली. एका दुपारी मामाने वीज कार्यालयाची काच फोडली. अडवायला गेलेल्या पहारेकऱ्याचा हात काचेने कापला. मामाला तुरुंगात नेलं.

आत घेताना कारकून एका दमात विचारतो: नाव, वय, पत्ता, काही आजार? मागे चाळीस माणसांची रांग. अशा रांगेत कोण सांगेल, की माझं डोकं बिघडतं म्हणून? मामा "नाही" म्हणाला. कारकुनाने "नाही" लिहिलं. सोळा वर्षांचे कागद पिशवीत घालून मावशी त्या एका शब्दामागे दोन महिने फिरली. तोवर मामा बराकीच्या भिंतीशी भांडत होता.

अखेर "नाही"चं "आहे" झालं आणि गोळी सुरू झाली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण मामा सुधारेना. सकाळी उलट्या, हात थरथरायचे. संध्याकाळ झाली की येरझाऱ्या, शिव्या. एकदा त्याने शिपायाच्या कानाखाली वाजवली. पंधरा दिवसांनी एकदा येणाऱ्या डॉक्टरने खुर्चीतून न उठता लिहिलं, वर्तन आक्रमक, डोस वाढवावा. दोनदा वाढवला.

एका भेटीत जाळीपलीकडून मामा म्हणाला, "ताई, इथली गोळी फार कडू असते गं."

"गिळायची गोळी कडू कशी लागेल?"

"गिळायला कोण देतंय? पितो आम्ही."

मावशी तशीच तुरुंगाच्या दवाखान्याच्या खिडकीशी गेली. गोळीचा रिकामा खोका तिच्या पर्समध्ये होता. त्यावर छापलं होतं, गोळी अख्खी गिळावी, चावू किंवा कुटू नये. ती पोटात दिवसभर हळूहळू विरघळावी अशीच बनवलेली असते; कुटली तर सकाळीच सगळी अंगात भिनते, संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. कंपाउंडर निवृत्तीला आलेला, थकलेला माणूस होता. खोका न घेताच म्हणाला, की वाचता त्यालाही येतं.

मग त्याने सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कैद्याने गोळ्या जिभेखाली लपवून साठवल्या आणि एकदम खाल्ल्या. तो गेला. तेव्हाचा कंपाउंडर निलंबित झाला. तेव्हापासून प्रत्येक गोळी खलात कुटायची, पाण्यात कालवायची, समोर प्यायला लावायची आणि पेला उपडा करून दाखवायला लावायचा. बासष्ट रोगी, एक कंपाउंडर, एक तास. प्रत्येकाचं तोंड उघडून बघत बसायला वेळ कुठून आणणार?

"म्हणजे तुमची नोकरी राहावी म्हणून माझ्या भावाने दिवसभराची गोळी एका घोटात प्यायची," मावशी म्हणाली.

"तसंच समजा," तो म्हणाला. "अधीक्षकांकडे अर्ज करा."

अर्जाला सात आठवडे लागले. आदेश तयार झाला, पण तो हातात द्यायच्या आधी कारकुनाने आणखी एक कागद पुढे सरकवला. यापूर्वीच्या औषधोपचारात कोणतीही त्रुटी नव्हती, माझी काही तक्रार नाही. खाली सही करा, म्हणजे उद्यापासून गोळी अख्खी. मावशीने कागद तीनदा वाचला. सही केली. त्या आठवड्यात तिने मशीनच्या दोन सुया मोडल्या.

तीन आठवड्यांत मामा माणसात आला. जाळीपलीकडून तिला नीट न्याहाळून म्हणाला, "ताई, तू जाड झालीस की जाळी बारीक झाली?" ती हसली नाही. बाहेर येऊन रडली.

जामिनाच्या सुनावणीला सरकारी वकिलांनी तोच कागद काढला. उपचार योग्य होते, हे खुद्द बहिणीनेच लिहून दिलंय. योग्य उपचार चालू असताना आरोपीने शिपायावर हात उचलला. असा माणूस बाहेर सोडणं धोक्याचं. आमचे वकील फायलीत काहीतरी शोधू लागले. शेवटच्या बाकावरून मावशी उठली. वकिलांनी बसा, बसा अशी खूण केली. ती बसली नाही.

"साहेब, सही माझी आहे, पण त्यात लिहिलंय ते खोटं आहे. सही केल्याशिवाय भावाला गोळी मिळणार नव्हती."

न्यायाधीशांनी तिला बजावलं, की खोटं लिहून दिल्याबद्दल तिच्यावरही कारवाई होऊ शकते.

"करा. पण आधी यांना विचारा, गोळी कशी देत होते."

उपचारांची नोंद दाखवायला कंपाउंडर औषधांची वही घेऊन कोर्टात आला होता. वहीत नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या. त्याने वही मिटली.

"कुटून," तो म्हणाला. "पाच महिने. वाढवलेला डोससुद्धा कुटूनच."

ही गोळी आणखी कुणाला देता, असं न्यायाधीशांनी विचारलं. चौदा जणांना. आणि त्यांना आता कशी देता?

"कुटूनच, साहेब. आदेश एकाच्याच नावाचा आहे."

मला तेव्हा त्या माणसाची कीव यायला हवी होती, कारण एवढं बोलायला त्याने स्वतःची पेन्शन पणाला लावली होती. मला नाही आली.

दहा दिवसांनी मामाला जामीन मिळाला. दर आठवड्याला डॉक्टरकडे हजेरी लावायची अट होती. आम्ही त्याला आणायला गेलो, तो भेटीचा दिवस होता. फाटकाबाहेर बायामाणसांची लांब रांग होती. मामा कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आला आणि उन्हात डोळे बारीक करून उभा राहिला. मावशीने त्याच्या गालावरून हात फिरवला, दाढीवरून एक टोमणा मारला आणि फाटकावरच्या शिपायाला विचारलं, की त्या चौदा जणांचं काय झालं. वरून काही आलेलं नाही, असं तो म्हणाला.

मी रिक्षा थांबवली होती. मावशी रिक्षाकडे आलीच नाही. ती रांगेच्या शेवटच्या टोकाला गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या बाईला म्हणाली, "मावशी, तुमचं माणूस आत गोळ्या घेतं का? आज एवढं विचारा, गिळायला देतात की प्यायला."

मग पुढच्या बाईला. मग तिच्या पुढच्या.