चुंबळीनं धरलेली जागा

माझ्या सासूबाईंना आयुष्यात काय हवं होतं, असं कुणी विचारलं तर मी एका दमात सांगेन: एसटीत खिडकीची जागा. हसू नका. पाटल्या मागणाऱ्या बायका मी पाहिल्यात, नवऱ्याला वेगळं निघायला लावणाऱ्याही पाहिल्यात. ही बाई मागत काय होती, तर हिंगोलीहून गावाकडं येताना एकदा, फक्त एकदा, खिडकीत बसून यायचं. आणि तेवढंही तिला वर्षानुवर्षं मिळू नये, याचा मला तेव्हा भयंकर संताप यायचा. आज मी स्वतः सासू होऊन म्हातारी झाले, तरी आठवलं की येतो.

माझं माहेर हट्टा गावचं. लग्न करून मी सेनगावच्या रस्त्यावर, पुसेगावच्या अलीकडं एका लहानशा गावात आले. सत्तर-पंच्याहत्तरचे ते दिवस. आमचा जिल्हा तेव्हा परभणी, आणि हिंगोली म्हणजे नुसता तालुका. पण आमच्या लेखी सगळी दुनिया हिंगोलीतच भरायची. बाजार तिथं, दवाखाना तिथं, कापडाचं दुकान तिथं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. मामा बाजाराला जायचे तेव्हा आत्याबाई टोपलं घेऊन मागं असायच्याच, कारण माल विकायचं काम त्यांचं आणि ओळखीपाळखीच्या माणसांशी बोलत बसायचं काम मामांचं.

येताना मामा खिडकीत बसायचे. त्यांना तंबाखू लागायची, आणि तंबाखूवाल्याला पिचकारी मारायला खिडकी लागते. ते सोबत नसले तर शेजारच्या कुणाचं तरी लेकरू असायचं, त्याला गाडी लागायची, मग ओकायला खिडकी त्याला. म्हणजे खिडकीवर हक्क दोघांचाच, थुंकणाऱ्याचा आणि ओकणाऱ्याचा. आत्याबाई तंबाखू खात नव्हत्या आणि त्यांना गाडीही लागत नव्हती. खिडकीत बसायची एकही लायकी बिचारीकडं नव्हती! त्या आपल्या मधल्या जागेवर मांडीवर टोपलं घेऊन बसायच्या, नाहीतर सरळ खाली, पोत्यांच्या शेजारी.

एकदा वांगी तोडता तोडता मी त्यांना सहज विचारलं, "आत्याबाई, इतक्या बारीला हिंगोलीला गेलात तुमी, वाटेत काय काय लागतंय हो?"

त्यांनी वांगं टोपल्यात टाकलं आणि म्हणाल्या, "मला काय इचारतीस बाई? तो रस्ता मला हाडानं ठाव हाय, डोळ्यानं न्हाई. कुठं खड्डा येतो, कुठं वळण येतं, सगळं सांगते. बाहीर काय हाय ते न्हाई सांगता यायचं." मग पुढचं वांगं खुडत म्हणाल्या, "एकदा खिडकीत बसून यायचं हाय मला. कवा जमंल कुणाला ठाव."

झालं. ते माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच. माझा स्वभाव पहिल्यापासून असा, एकदा नाकावर राग चढला की काम झाल्याशिवाय उतरत नाही. माझ्या आईनं सासरी पाठवताना मला हेच बजावलं होतं, की बाई, तेवढं तोंड सांभाळ. मी संसार सांभाळला, तोंड काही सांभाळता आलं नाही.

मग एका हिवाळ्यात संधी आली. गव्हाला पाणी द्यायची पाळी नेमकी बाजारच्या दिवशी आली आणि घरचे दोघंही बापलेक शेतात अडकले. वांगी आणि मिरच्या तर तोडून ठेवलेल्या. मामा म्हणाले, "तुमी सासूसुना जाऊन या." मी आत्याबाईंकडं पाहिलं, आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. सोबत मामा नाहीत, शेजारचं लेकरू नाही. असा दिवस पुन्हा कुठला यायचा?

सकाळी जाताना काही जमलं नाही. फाट्यावर गाडी आली तीच खच्चून भरलेली, आम्ही दोघी दाराजवळ उभ्यानंच गेलो. मी म्हटलं, हरकत नाही. येतानाची गाडी हिंगोलीतून सुटते, रिकामी लागते. तिथं बघू कोण खिडकी देत नाही ते.

वांगी लवकर खपली. आत्याबाईंना बांगड्या बघायच्या होत्या, चहा प्यायचा होता, पण मी त्यांना हाताला धरून स्टँडवर आणलं. तिथं सेनगावच्या गाडीसाठी ही माणसं! गाडी आत वळली की तिच्याबरोबर सगळे पळत सुटायचे, आणि पळता पळता खिडकीतून आत रुमाल टाकायचे. ज्याचा रुमाल ज्या जागेवर पडला, ती जागा त्याची. मग तो सावकाश, शेवटी चढला तरी चालतं. रुमाल उचलून बाजूला ठेवायची कुणाची छाती नव्हती. कुणी टॉवेल टाकायचं, कुणी टोपी टाकायचं, एकानं तर पायातली चप्पल टाकलेली मी पाहिलीय. कायद्यात लिहिलेला नव्हता, पण कायद्याहून पक्का असा तो रिवाज होता. फक्त एवढंच, की तो पुरुषांचा रिवाज होता. बायका कुठून आणणार रुमाल? बायका दारातल्या रेटारेटीत चेंगरत चढायच्या आणि उरलेल्या जागेवर टेकायच्या.

गाडी वळली. मी पदर खोचला आणि पळाले. मागून आत्याबाई ओरडल्या, "अवं, पडशील! काहून पळून राहिलीस?" मी कशाची थांबतेय! खिडकीपाशी पोचले आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की टाकायला हातात काहीच नाही. टोपलं खिडकीतून आत जाईना. मग हाताला लागली ती टोपल्यातली चुंबळ, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची ती कापडाची गुंडाळी. दिली भिरकावून! बरोबर खिडकीच्या जागेवर जाऊन बसली. मी मागं वळून आत्याबाईंना ओरडून सांगितलं, "धरली! जागा धरली!"

दोघी चेंगरत आत गेलो. जाऊन बघतो तर आमच्या जागेवर एक माणूस ऐसपैस बसलेला. टेरिकॉटची पँट, केसाला तेल, हातात पिशवी. आणि चुंबळ कुठं? तर त्याच्या पायाशी.

"उठा," मी म्हटलं. "ही जागा आमची हाय. चुंबळ टाकली होती मी."

तो हसला. "बाई, चुंबळीनं कुठं जागा धरत असतेत व्हय? जागा धरायला रुमाल लागतो. माझा रुमाल होता इथं."

"तुमचा रुमाल कशावर पडला होता? चुंबळीवरच ना? मंग आधी कोण आलं?"

"व्हय, चुंबळीवर पडला. पण चुंबळ जमेत धरत न्हाईत. तसं धरायला लागलं तर उद्या कुणी खराटा टाकील, कुणी गवरी टाकील. रुमाल तो रुमाल."

आजूबाजूचे लोक हसले. दोघातिघांनी मानाही डोलावल्या, की व्हय, चुंबळ काही रुमाल नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, "चप्पल चालते, टोपी चालते, आणि बाईची चुंबळ चालत न्हाई? ओझं वाहताना बरी चालते!" मागच्या बायकांमधून कुणीतरी "खरंय की" म्हणालं. आत्याबाई मात्र माझा दंड ओढत होत्या. "जाऊ दे वं. मी बसते खाली. सवय हाय मला." हे ऐकून तर मला रडूच आलं. इतक्या जवळ येऊन पुन्हा खालीच बसायचं?

गलका ऐकून कंडक्टर आला. वयस्कर होता, गळ्यात कातडी पिशवी, कानावर पेन्सिल. दोघांचं ऐकून घेतलं त्यानं. मग डोकं खाजवत म्हणाला, "बाई, तुझं म्हणणं मला पटतंय. पण रिवाज रुमालाचा हाय. चुंबळीवर मी माणूस उठवला तर उद्या रोज भांडणं लागतेल."

तेवढ्यात आत्याबाई खाली वाकल्या. मला वाटलं बसायलाच वाकल्या. त्यांनी त्या माणसाच्या पायाशी पडलेली चुंबळ उचलली, झटकली आणि उलगडायला लागल्या. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. गुंडाळी सुटत सुटत लांबच लांब लाल कापड झालं, इतकं की त्याचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. मामांनी जुना झाला म्हणून टाकून दिलेला, डोक्याला बांधायचा रुमाल होता तो! आमच्याकडं डोक्याच्या त्या कापडाला रुमालच म्हणतात. त्याचीच आत्याबाईंनी चुंबळ वळली होती.

"बघ बाबा," आत्याबाई कंडक्टरला म्हणाल्या, आवाज अगदी नेहमीसारखा हळू. "ह्यो रुमाल हाय का न्हाई? त्याच्या रुमालापरीस मोठाच निघंल."

गाडीत जो हशा उठला म्हणता! कंडक्टर तर पोट धरून हसला. "रुमालच हाय की! चांगला वीतभर न्हाई, चार-पाच हात हाय. उठा पाहुणे." आणि तो माणूस, आता खोटं कशाला सांगू, स्वतःही हसत उठला. आपला इवलासा पांढरा रुमाल खिशात घालून उभा राहिला. मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या भर गाडीत आत्याबाईंच्या गळ्यातच पडले. सासूच्या गळ्यात असं कुणी पडत नसतं. त्या म्हणाल्या, "सर बाजूला, मला बसू दे."

आणि बसल्या. खिडकीत.

काच सरकवली, ती अर्ध्यावर अडकली, पण तेवढीही पुरे होती. गाडी सुटली, कयाधू नदीचं पात्र दिसलं आणि आत्याबाईंचं तोंड सुटलं. ही बाई घरात दिवसाकाठी चार शब्द बोलायची हो! त्या दिवशी सगळ्या गाडीला रस्ता वाचून दाखवायला लागली. "ह्या बाबाची तूर काहून अशी खुजी राहिली? ... अगं बघ, केवढी बोरं लागलीत, आन कुणी तोडून न्हाई राहिलं. ... ही कुणाची इहीर? काठ नवा बांधलेला दिसतो. ... जवारीत माळा केला पर राखणदार झोपून राहिला, पाखरं मजेत हायेत!" एक खड्डा आला, गाडी आदळली, तर म्हणाल्या, "ह्यो खड्डा मला ठाव हाय. पर त्याच्या शेजारी एवढी मोठी चिंच हाय, हे न्हाई ठाव." आणि मान वळवून वळवून ती चिंच दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, ते पुसायच्या आणि पुन्हा बाहेर. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही त्यांनी. मला त्याचं काही वाटलं नाही.

तो टेरिकॉटवाला आमच्याच शेजारी दांडा धरून उभा होता. उभ्या माणसाला त्या खिडकीतून बाहेरचं काही दिसत नाही. थोड्या वेळानं तो वाकून म्हणाला, "मावशी, कुठवर आली हो गाडी?"

आत्याबाईंनी बाहेर नीट बघून घेतलं. मग ऐटीत म्हणाल्या, "नरसी मागं पडली. तुमचं गाव आलं की सांगते मी, काळजी करू नका."

मी तोंडावर पदर धरून हसले. त्यांची ऐट मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि काय शोभत होती!

उन्हं कलायला लागली होती. आमचा फाटा जवळ आला तशी मी टोपलं आवरलं, उरलेल्या चार मिरच्या वर काढून ठेवल्या. कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी थांबली. मी उठून उभी राहिले.

"आत्याबाई, फाटा आला."

"येऊ दे."

"अवो, उतरायचं हाय ना!"

"तुला उतरायचं तर उतर. मी न्हाई उतरत अजून."

दारातून कंडक्टर ओरडला, "मावशी, फाटा आला, चला! तुमचं तिकीट इथवरचंच हाय."

आत्याबाईंनी खिडकीबाहेरची नजर काढलीही नाही. "मंग पुढचं फाड की, बाबा. गाडी तर पुढं जातेच हाय."

सगळी गाडी पुन्हा हसली. टेरिकॉटवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. कंडक्टरनं पुसेगावची दोन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली आणि दोनदा घंटी वाजवली. आमचा फाटा, फाट्यावरचं लिंबाचं झाड, गावाकडं वळणारी पांद, सगळं खिडकीतून मागं गेलं. आत्याबाईंनी आपलं गाव येताना आणि जाताना दोन्ही पाहून घेतलं.

पुसेगावला उतरलो आणि शेतातल्या पायवाटेनं गावाकडं चालत निघालो. आत्याबाई पुढं, मी मागं. टोपलं डोक्यावर घ्यायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं, ते मीच काखेला मारलेलं. इतक्या झपाझप चालत होत्या की मला गाठता येईना.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. मामा ओसरीवर वाट बघत बसले होते. आम्हाला भलत्याच बाजूनं येताना पाहून ते उठून उभे राहिले. "हे काय? तिकडून कशा काय आलात? गाडी थांबली न्हाई व्हय फाट्यावर?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, पण आत्याबाई माझ्या आधी बोलल्या.

"थांबली होती," त्या म्हणाल्या. "आमीच न्हाई उतरलो."