तांडेल काकांची दहाची लाँच

तांडेल काकांच्या घरी अल्बम सुरू झाला की तो संपेपर्यंत कुणालाही उठायची परवानगी नव्हती. फोन वाजतोय, वाजू दे. दारावर सिलेंडरवाला आलाय, उभा राहू दे. एकदा आमच्या शेखभाईंना ऐन मध्यावर उचकी लागली, तर त्यांना पाणी प्यायलासुद्धा उठू दिलं नाही. बिचारे बावीस मिनिटं उचक्या देत बसले आणि शेवटी काका त्यांची पाठ थोपटून म्हणाले, "सगळ्या तालात दिल्यात. शाबास!" या नियमाचं कारण ते प्रत्येक नव्या माणसाला एकदाच सांगत. "मोऱ्याहून लाँच सुटली का मधीच उतरता येतं काय? भाऊचा धक्का येईपर्यंत बसायचं. पटत नसेल तर चढायचं नाय."

काका उरणजवळच्या मोऱ्याचे कोळी. मोरा ते मुंबईचा भाऊचा धक्का अशा प्रवासी लाँचीवर ते आयुष्यभर तांडेल होते, म्हणजे लाँच हाकणारे. निवृत्तीनंतर मुलाने नवीन पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः नोकरीसाठी दुबईला गेला. मी त्यांच्या अगदी खाली, दुसऱ्या मजल्यावर. विमा कंपनीत नोकरी, आठवड्यातून एक सुट्टी, आणि त्या सुट्टीच्या दिवशी बरोब्बर दहाला माझ्या डोक्यावर ड्रम बडवायला सुरुवात! पहिल्या रविवारी सोडून दिलं. दुसऱ्या रविवारी केस बांधले, ओढणी खोचली आणि भांडायला वर गेले.

दार उघडलं ते एका उंच, काळ्यासावळ्या, बनियनवरच्या म्हाताऱ्याने. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे हात केला. आता मी का बसले? देवाशपथ, मला आजही सांगता येणार नाही. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते, तेच शेखभाई, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मी मनातल्या मनात भांडणाची वाक्यं जुळवत राहिले. मग गिटार थांबली, कुठून तरी एक बासरी आली, ड्रमवाला भलत्याच तालात चालायला लागला आणि माझी वाक्यं गेली उडत. पाऊण तासाने संगीत थांबलं तेव्हा काकांनी विचारलं, "बोला, काय काम होतं?" मी म्हटलं, "काही नाही. पुढच्या रविवारी पण आहे का?"

प्रोग्रेसिव्ह रॉक हा शब्द मी त्याआधी ऐकलाही नव्हता. वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं, मध्येच ताल बदलतो, मध्येच वाद्यं बदलतात आणि बऱ्याचदा सगळ्या अल्बममध्ये मिळून एकच गोष्ट असते. काकांनी मला ते दोन वाक्यांत समजावलं. "बाकीची गानी म्हंजे रिक्षा. हात केला, बसली, उतरली." आणि ही म्हणजे अर्थातच लाँच. ही लागण त्यांना तरुणपणी झाली. कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या खलाशाने त्यांच्याकडून दोन पापलेटं घेतली आणि बदल्यात एक कॅसेट दिली. "तो पापलेट खाऊन विसरला असेल," काका म्हणत, "मी अजून ऐकतोय."

पण ती कॅसेट त्यांनी आम्हाला कधी ऐकवली नाही. त्यांच्याकडे तीन वर्षांपेक्षा जुना अल्बम चालत नसे. फोनवर रोज सकाळी नवीन काय आलंय ते शोधायचं आणि प्रत्येकाची पहिली तीन मिनिटं ऐकायची. याला ते "कल्ला उघडून बघनं" म्हणत. मासा ताजा आहे का ते बघतात ना, तसं. एकदा शेखभाई मोठ्या प्रेमाने पन्नास वर्षांपूर्वीची एक तबकडी घेऊन आले. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "शेखभाई, ही सुकट झाली."

"अरे काका, क्लासिक है ये! तौबा तौबा!"

"सुकट मला पन आवडते. पन रविवारी ताजाच पायजे."

अल्बमांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून प्रत्येकाचं त्यांनी बारसं केलेलं. 'बर्फवाले' म्हणजे फिनलंडचे चौघे. त्यांच्या पहिल्या गाण्यात नऊ मिनिटं कुणी तोंडच उघडत नाही, आणि मग बाई गायला लागते तेव्हा अंगावर काटा येतो. 'टपालवाला' इटलीचा. बेटावरचा एक पोस्टमन, त्याची पत्रं घ्यायला कुणी उरलेलंच नाही, म्हणून तो स्वतःच ती उघडून समुद्राला वाचून दाखवतो. अकॉर्डियन आणि बेस गिटार यांचं असं काही भांडण आहे त्यात की विचारू नका. आणि 'शिलाँगची पोरं'! आपल्याच देशातली, विशीतली, चर्चमध्ये गाऊन तयार झालेले गळे आणि ड्रमवर नुसता धिंगाणा. ज्याला कुणाला हे संगीत कुठून सुरू करावं असा प्रश्न पडला असेल त्याने या पोरांपासून करावं, असं मी आजही छातीठोकपणे सांगते.

या पोरांचा ताल सात मात्रांचा होता. काकांना तो इतका आवडला की ते दिवसभर बोटांवर मोजत फिरायचे. लिफ्टमध्ये एकदा ते आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दोघंच होते. काका भिंतीकडे बघत मान झटकतायत, बोटं आवळतायत आणि पुटपुटतायत, "तीन नि चार, तीन नि चार." सेक्रेटरींनी घाबरून तळमजल्यावर वॉचमनला हाक मारली, खुर्ची आणवली, काकांना बसवलं, पाणी पाजलं. काकांनी पाणी पिऊन घेतलं आणि त्यांनाच रविवारचं आमंत्रण दिलं. ते काही आले नाहीत.

या लाँचीत एक माणूस मात्र कधी टिकला नाही, आणि ती म्हणजे खुद्द काकी. मोऱ्याच्याच, उरणच्या बाजारात बसून वर्षानुवर्षं मासे विकलेल्या, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवतील. काका दर रविवारी आपल्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवत. वर एक गुलाबी उशी. काकी येऊन बसत, पदराने तोंड पुसत, आणि तिसऱ्या मिनिटाला "माझं कालवण!" म्हणून उठत ते थेट स्वयंपाकघरात. काकांचा नियम जगाला लागू, काकींना नाही. काका तेवढ्यापुरते हिरमुसत आणि पुन्हा डोळे मिटत.

त्या हिरमुसण्यामागे काय आहे ते मला उशिरा कळलं. एका संध्याकाळी ते कानाच्या डॉक्टरकडून आले आणि जिन्यातच बसले. लाँचीच्या इंजिनाने उजवा कान केव्हाच खाल्ला होता. आता डावाही चालला होता. वर्ष, फार तर दोन. मशीन लावून पाहिलं, तर त्यातून संगीत म्हणजे डब्यात खडे. "बोलनं नाय ऐकू आलं तरी चालेल गं पोरी," ते म्हणाले. "पन नवीन अल्बम येत राहनार आनि मला कोन सांगनार, कसा हाय तो? तुमी आज हाय, उद्या तुझी बदली होईल. शेखभाईंचं तर वय झालं. ती हाय माझ्याबरोबर. तिने एक, फक्त एक अल्बम शेवटपर्यंत ऐकायला पायजे. माझा कान हाय तोवर. म्हंजे तिला गोडी लागेल." एवढा मोठा माणूस, पण आवाज रडवेला झाला होता. मी म्हटलं, काका, बसवूच आपण काकींना.

मग काय, आमची तिघांची कारस्थानं सुरू झाली! शेखभाईंनी गॅसचा लायटर लपवला. काकींनी काडेपेटी काढली. मी म्हटलं, काकी, पाय दुखत असतील, बसा जरा. तर त्यांनी मलाच उभं करून नारळ खवायला लावला. शेवटी काकांनी डोकं चालवलं. स्वयंपाकच नको म्हणून खानावळीतून माशाचं जेवण मागवलं. काकींनी डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं. "हा बांगडा माझ्याहून म्हातारा हाय," एवढं बोलून त्या आत गेल्या आणि फ्रीजमधले बांगडे साफ करायला बसल्या. काकांनी कपाळावर हात मारला.

असं वर्ष गेलं. काकांचा आवाज वाढत चालला, स्पीकरचाही. आणि मग तो 'दीपस्तंभा'चा रविवार आला.

दीपस्तंभ हा पोलंडच्या तीन बायकांचा अल्बम. सुरुवातीला नुसती एक शीळ, मग पन्नास मिनिटं वादळ, आणि शेवटी सगळं हळूहळू विरत जातं. काकांनी तो आठवडाभर घरी लावून पारखला होता. गुलाबी उशीची खुर्ची त्या दिवशीही तिसऱ्या मिनिटाला रिकामी झाली. वादळ झालं. वाद्यं एकेक करून उतरत गेली, व्हायोलिनची एक बारीक तार तेवढी उरली. आणि काका उठले. टाळी वाजवली, हसत म्हणाले, "चला, लागला धक्का! कसा वाटला?"

अल्बम संपला नव्हता. तार वाजत होती. मला ऐकू येत होती, शेखभाईंना येत होती, आणि ज्याने आयुष्यात एका पाशिंजराला मध्ये उतरू दिलं नाही तो तांडेल भर पाण्यात उतरून उभा होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सांगायचं कसं? शेखभाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून उरणच्या बाजारातला तो आवाज आला. "बस खाली! धक्का आला नाय अजून!"

पाठोपाठ हातात पळी घेऊन काकी बाहेर. काकांच्या खांद्याला धरून त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि डाव्या कानात ओरडल्या, "ती शिटी परत यायची हाय. पयल्यासारखी. पन आता दोघी मारतात. थांब!"

आणि खरंच, मिनिटभराने शीळ आली. दोघींची. काकींनी ती येताक्षणी काकांच्या हातावर बोटं आपटली, आणि ती संपेपर्यंत ताल देत राहिल्या. एक मात्रा चुकली नाही. काका स्पीकरकडे नव्हे, त्यांच्या बोटांकडे बघत होते.

"तू ऐकलास हा?" संपल्यावर काकांनी विचारलं.

"सगळे ऐकलेत. आत जाताना कान खुर्चीवर ठेवून जाते काय मी?" काकींनी पळी कमरेवर टेकवली. "बर्फवाल्यांचं पयलं गानं म्हंजे माझा भात. टपालवाला पत्र फोडतो तवा मी कोकम टाकते. त्या शिलाँगच्या पोरांच्या धिंगाण्यात वाटन वाटते, हात आपोआप चालतो."

"मग बसत का नव्हतीस बाहेर?"

"लाँचीत पाशिंजर बसतो. खलाशी कवा बसलेला बघितलास?"

शेखभाई "सुभानल्ला!" म्हणत इतके हसले की त्यांना पुन्हा उचकी लागली. काका हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदम. मी तर सरळ काकींच्या गळ्यात पडले. या सगळ्या गडबडीत आतून धूर यायला लागला. त्या दिवशी काकींचे बांगडे करपले, जन्मात पहिल्यांदा, आणि काकांनी ते काट्यासकट चाटूनपुसून खाल्ले.

पुढच्या वर्षी काका-काकी फ्लॅट भाड्याने देऊन मोऱ्याला गेले, आपल्या लेकीच्या शेजारी. निघताना काकांनी मला गुलाबी उशी दिली आणि बजावलं, "दहाची लाँच चुकवायची नाय." डावा कान तोवर बंद झाला होता. आता मी अल्बम निवडते, कल्ला उघडून बघते आणि त्यांना पाठवते. रविवारी दहाला इथे मी आणि शेखभाई बसतो, तिकडे मोऱ्याला ते दोघं. काकी आता चुलीजवळच त्यांची खुर्ची मांडून घेतात. एक हात कालवणात, एक काकांच्या मनगटावर. जसं वाजेल तसं त्या बोटांनी वाजवतात. संपलं की काकांचा फोन येतो. माझं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ते एकटेच बोलतात आणि मी ऐकते.

गेल्या रविवारी मी आइसलँडच्या एका नव्या बँडचा अल्बम पाठवला होता. फोनवर काका नुसते नाचत होते. "पोरी, झकास! ताजा फडफडता! आनि त्या तिसऱ्या गान्यात, ऐन जोरात असताना, काय थांबलेत गं! अख्खं एक मिनिट गप्प! कोनाची हिंमत हाय एवढं गप्प बसायची? मी तर श्वास धरून बसलो होतो. सगळ्या अल्बममधी ती जागा सगळ्यात भारी!"

मी चक्रावले. तिसऱ्या गाण्यात मला कुठे शांतता आठवेना. शेखभाईंना विचारलं, त्यांनाही नाही. पुन्हा लावून ऐकलं, घड्याळ समोर ठेवून. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ड्रम एक क्षण थांबत नाहीत.

दुपारी काकींचा फोन आला. आवाज जन्मात पहिल्यांदा बारीक केलेला.

"अगं, ती लोकं काय थांबली नाय. मी बांगडा पलटायला गेले होते. त्याला सांगू नको हां. लय आवडलंय त्याला."