पोलादावरचं बोट

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या नेमबाजीच्या रेंजवर दुपारी उन्हाच्या लाटा उठायला लागल्या की लांबवरचे मेंढे जमिनीपासून सुटतात. खाली लाल माती, वर काळे आकार आणि मध्ये थरथरणारं पाणी. पाणी अर्थातच नाही, आणि मेंढेही पोलादाच्या जाड पत्र्यातून कापलेले. आमच्या खेळात असे प्राणी रांगेत उभे करतात आणि रिव्हॉल्वरने पाडतात. जवळ कोंबड्या, मग डुकरं, मग टर्की, सगळ्यांत लांब मेंढे. गोळी सुटते, मेंढा मुकाट्याने आडवा होतो आणि आवाज मागून येतो, शेजारच्या घरातल्या घंटेसारखा. त्या मधल्या क्षणात जगात काहीच घडत नसतं. मी तेवढ्यासाठी हा खेळ खेळत आले.

पुण्याहून खाणीतल्या नोकरीसाठी आले तेव्हा बंदूक पाहिली होती ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. इथे एका रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणीने रेंजवर नेलं आणि मी बिघडले ती बिघडलेच. आधी बारीक बोअरचं, म्हणजे अरुंद नळीचं, टार्गेट रिव्हॉल्वर घेतलं, मग आणखी एक, आणि मग हे मोठ्या बोअरचं, लांब नळीचं, निळसर काळ्या झळाळीचं. सुट्टीच्या सकाळी मी सेफ उघडून बसायची. तेलाचा वास, सिलिंडर फिरवल्यावरची ती बारीक टकटक. एक तास कुठे गेला ते कळायचं नाही. नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तो म्हणायचा, "लोकांच्या बायका पैठण्या जमवतात." मी म्हणायची, "पैठणी नेसून मेंढा पडत नाही."

मोठ्या रिव्हॉल्वरची मूळची मूठ माझ्या हाताला फार मोठी होती. आईने दिलेला शिसवी पोळपाट इथल्या कोरड्या हवेत तडकला होता, त्यातून मी नवी मूठ घडवली. कानशीने तासायची, पकडून बघायची, पुन्हा तासायची. आई इथे राहायला आली तेव्हा तिने ती ओळखली. "पोळपाटाची बंदूक केलीस होय," एवढंच म्हणाली. पण नंतर दोनदा हातात घेऊन पाहिली.

त्या मुक्कामात खंडेनवमी आली. सकाळी आई म्हणाली, "शस्त्रं बाहेर काढ." मी म्हटलं, "आई, ही स्पोर्टची आहेत गं." "शस्त्र ते शस्त्र. वर्षभर तुझा हात राखतं ना?" मग रिकामं करून, दोनदा तपासून, मी ते मोठं रिव्हॉल्वर पाटावर ठेवलं. झेंडू नव्हता, अंगणातली केशरी गझानियाची फुलं वाहिली. आईने बोट पाण्यात बुडवून कुंकवात टेकवलं आणि सिलिंडरवरच्या पट्टीवर दाबलं. "आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. पुसायचं तर नाहीच."

मी तसंच सेफमध्ये ठेवलं, कारण आई समोर उभी होती. शिवाय आमच्या गावात काही गंजत नाही असं आम्ही सगळेच म्हणतो. त्याच संध्याकाळी मला साइटवर जावं लागलं, चार दिवस. परत येऊन कुंकू पुसलं तर खाली पोलादात आईचं बोट उमटलेलं होतं. तांबूस, लांबट, मध्ये रेषासुद्धा. आधी मी चिडले. आईवर, कुंकवावर, स्वतःवर. ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा तो निळसर काळा थर, पुन्हा करून घ्यायचं ठरवलं आणि मग आज करू, उद्या करू म्हणत राहिले. पुढच्या वर्षी आई पुण्यात वारली. त्यानंतर तो विषय मी कधी काढला नाही. तेल लावताना त्या जागेवरून कापड हलकेच फिरवायची.

यंदा अंगठ्याने दगा दिला. नवऱ्याने मुळाशी दाबलं आणि मी कळवळले. "संधिवात," तो म्हणाला. "बारीकवालं चालेल. या तोफेला आता सोड." आणि इथे नुसतं सेफमध्ये ठेवून कुरवाळायला असलं रिव्हॉल्वर मिळत नाही. ज्या खेळासाठी घेतलं त्याच्या ठरलेल्या स्पर्धा दरवर्षी खेळाव्याच लागतात. खेळणं बंद, तर ठेवणंही बंद.

आमच्या क्लबात खाणीतला मोठा ट्रक चालवणारी एक बाई आहे. उंच, कमी बोलणारी, आणि गंजाची हाडवैरी. तिच्या खिशात कायम तेलाचं फडकं असतं, दुसऱ्याच्या रिव्हॉल्वरवर बोटांचे ठसे दिसले तरी पुसते. तिने माझं घ्यायचं ठरवलं. डीलरकडे कागद झाले, तिने रिव्हॉल्वर उजेडाकडे धरलं आणि त्या डागावर नख फिरवलं. "नो वरीज, मेट. हे पॉलिश करून पुन्हा ब्लू करते. नव्यासारखं होईल."

वस्तू आता तिची होती, मला बोलायचा हक्क नव्हता. तरी बोलले. "ते माझ्या आईचं बोट आहे." मग पाणी, कुंकू, चार दिवस, सगळं सांगितलं. इंग्रजीत ते फार वेडगळ वाटत होतं. तिने ऐकून घेतलं, रिव्हॉल्वर केसमध्ये ठेवलं आणि निघून गेली. पुढचे काही रविवार मी रेंजवर गेलेच नाही. अंगठा दुखतो म्हणून नवऱ्याला सांगितलं, आणि त्याने ते खरं मानल्यासारखं केलं.

ऑक्टोबरात तिचा मेसेज आला. तुमचा तो सण कधी असतो, आणि फुलं कुठली लागतात.

नवमीला दुपारी रेंजवर आम्ही दोघीच होतो. वारा पडला होता, लांबवर मेंढे तरंगत होते. तिने केस उघडली. पट्टीवर आईचं बोट होतं तसंच होतं. तिने बाजूचं सगळं चकचकीत ठेवलं होतं, फक्त तेवढं सोडून. तिने रस्त्याकडेची गझानियाची फुलं आणली होती, देठांसकट ओरबाडलेली. मी बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं, घरून आणलेल्या कुंकवात टेकवलं आणि आईच्या बोटाशेजारी दाबलं. मला रडू आवरेना.

तिचा हात सवयीने खिशाकडे गेला, फडकं अर्धं बाहेर आलं. मी बघत राहिले. तिने ते परत आत कोंबलं, केसचं झाकण लावलं आणि कुलूप घातलं.

"गंज चढायला किती दिवस लागले होते म्हणालीस?" तिने विचारलं.

"चार," मी म्हणाले.